कॉल झाला, नोंद कुठे गेली?

मॅडम, मी बरीच वर्षं एका मोबाइल कंपनीत स्विचच्या, म्हणजे कॉल जोडणाऱ्या यंत्राच्या, देखभालीला होतो. आता रेव्हेन्यू अ‍ॅशुरन्समध्ये बदली झाली आहे, म्हणजे प्रत्येक कॉलचं बरोबर बिल होतंय ना आणि पैसे कुठे गळत नाहीत ना हे तपासायचं काम. तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं, पण त्यात नुसत्या स्लाइड आणि डॅशबोर्ड. सुरुवात नेमकी कुठून करू? आणि सगळे प्लॅन अनलिमिटेड झाल्यावर गळती उरलीय तरी कुठे?
– एक वाचक, सांगली

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण वर्गात पहिल्याच तासाला कुणी ना कुणी तो विचारतंच. देशातल्या देशात दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर कॉल उतरवायचं शुल्क २०१७ मध्ये मिनिटाला १४ पैशांवरून ६ पैशांवर आलं आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झालं. साध्या लोकल मिनिटांत आता फारसा पैसा अडकलेला नाही, हे खरंच आहे. पण परदेशातून येणाऱ्या कॉलला शुल्क आहे, म्हणूनच सिमबॉक्सवाल्यांचा धंदा चालतो. परदेशातला कॉल इंटरनेटवरून भारतात आणायचा आणि ढिगाने सिम घातलेल्या डब्यातून लोकल म्हणून सोडायचा. शिवाय रोमिंग आहे, कंपन्यांना दिलेल्या लाइन आहेत, बँकांचे आणि ओटीपीचे घाऊक मेसेज आहेत. आणि सरकारला द्यायची लायसन्स फी एजीआरवर, म्हणजे कंपनीच्या समायोजित एकूण महसुलावर, मोजली जाते. २४ ऑक्टोबर २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर महसूल कशाला म्हणायचं हा प्रश्न फक्त हिशेबनिसांचा राहिलेला नाही. तेव्हा काम संपलेलं नाही, त्याची जागा बदलली आहे.

आता सुरुवातीचं. एक कॉल घ्या आणि तो हाताने शोधा. दोन सिम, एक वही, सेकंद दाखवणारं घड्याळ. रिंग कधी वाजली, कधी उचलला, कधी ठेवला, हे वहीत लिहा. मग त्याच कॉलची नोंद स्विचच्या कच्च्या फाइलमध्ये शोधा, मग मीडिएशनमधून, म्हणजे कच्च्या नोंदी गाळून बिलिंगला देणाऱ्या यंत्रणेतून, बाहेर पडलेली, मग रेटिंग झालेली, म्हणजे दर लागलेली, आणि शेवटी बिलावरची ओळ. हे चार कागद वहीशेजारी ठेवून ताडून बघा. कच्ची फाइल उघडल्यावर पहिल्यांदा गोंधळ होतो, कारण तिथे नंबरचे आकडे जोडीजोडीने उलटे लिहिलेले असतात. ९१९८२२ ने सुरू होणारा नंबर १९ ८९ २२ असा दिसतो. असा नंबर स्वतः वाचून काढला की फाइलची भीती जाते. तुम्ही स्विचवर काम केलेलं आहे, तुम्हाला हे दोन दिवसांत जमेल.

एकदा जमलं की लांब कॉल करून बघा. खरं शिक्षण तिथे आहे. लांब कॉल संपेपर्यंत स्विच थांबत नाही, मधेमधे तुकड्यांत नोंद काढतो. मर्यादा अर्ध्या तासाची असेल तर एक तास चाळीस मिनिटांच्या कॉलच्या चार नोंदी पडतात: तीस, तीस, तीस आणि दहा मिनिटांची. पुढे मीडिएशनमध्ये दुबार नोंदी गाळायचा नियम असतो. कॉल कुणी केला, कुणाला केला, कधी सुरू झाला, हे तिन्ही जुळलं की नोंद दुबार. आता स्विच जर चारही तुकड्यांवर मूळ कॉलचीच सुरुवातीची वेळ लिहीत असेल, आणि नियमात तुकड्याचा क्रमांक धरलेला नसेल, तर पहिला तुकडा पुढे जातो आणि बाकीचे तीन दुबार म्हणून बाजूला पडतात. शंभर मिनिटांच्या आयएसडी कॉलचं बिल तीस मिनिटांचं. डॅशबोर्डवर काहीही लाल होत नाही, कारण यंत्रणेच्या मते नियम बरोबर चालला आहे. म्हणून मी वर्गात नेहमी टाकलेल्या नोंदींची फाइल उघडायला लावते. स्वीकारलेल्या नोंदी सगळेच बघतात. गळती सापडते ती टाकलेल्यांत.

---

मी बी.कॉम. आहे आणि बिलिंग तपासणीत काम करते. मीटिंगमध्ये नेटवर्कवाले एनजीएन, सॉफ्टस्विच, आयएमएस असं बोलायला लागले की मी गप्प बसते. मला यातलं किती शिकावं लागेल?
– एक वाचक, ठाणे

गप्प बसू नका. तुमची गरज नेटवर्क चालवायला शिकण्याची नाही. तुम्हाला एकच गोष्ट पक्की कळायला हवी: नोंद कुठे जन्माला येते आणि कशावरून.

जुन्या एक्सचेंजमध्ये आवाज जिथून जायचा तिथेच नोंद व्हायची. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २००४ मध्ये एनजीएनची, म्हणजे नव्या पिढीच्या नेटवर्कची, व्याख्या केली, तिचा गाभा हा की सेवा आणि वाहतूक वेगळ्या करायच्या. आवाज आयपी पाकिटांतून मीडिया गेटवेमार्फत जातो, कॉल जोडायचा-तोडायचा संवाद सॉफ्टस्विच करतो. नोंद बहुतेक वेळा या संवादावरूनच बनते. म्हणजे आवाज थांबला तरी कॉल संपल्याचा निरोप, सिप या कॉल जोडण्या-तोडण्याच्या भाषेत ‘बाय’, वाटेत हरवला तर सॉफ्टस्विचच्या लेखी कॉल चालूच राहतो. यासाठी सेशन टायमर असतो, ठरावीक वेळाने कॉल खरंच चालू आहे ना हे बघणारा. तो लावला आहे का आणि कितीचा, हा प्रश्न बी.कॉम. झालेल्या माणसाने मीटिंगमध्ये बेधडक विचारावा.

दुसरं उदाहरण. समोरच्याने फोन उचलला की ‘२०० ओके’ असं उत्तर येतं आणि आकारणी तिथून सुरू व्हायला हवी. पण सिपमध्ये ‘२०० ओके’ इतर निरोपांनाही येतं, आणि व्हीओएलटीईच्या, म्हणजे ४जीवरच्या, कॉलमध्ये तर रिंग वाजायच्याही आधी येऊ शकतं. मुलं ट्रेस, म्हणजे या निरोपांची क्रमवार नोंद, बघताना पहिलं ‘२०० ओके’ दिसलं की तिथे खूण करतात. ते ‘इन्व्हाइट’चं, म्हणजे कॉल जोडायच्या निरोपाचं, उत्तर आहे का हे आधी बघायचं. चुकीच्या जागेवरून मोजलं तर ग्राहकाने न बोललेल्या सेकंदांचे पैसे भरले.

आयएमएसमध्ये, म्हणजे व्हीओएलटीईचे कॉल सांभाळणाऱ्या यंत्रणेत, एकाच कॉलच्या नोंदी दोन-तीन ठिकाणी तयार होतात. त्या सगळ्यांवर एक समान चार्जिंग ओळखक्रमांक असतो, आयसीआयडी. त्यावरून नोंदी जुळवायच्या आणि आकारणीला एकच घ्यायची. कुठली घ्यायची हे तुमच्या कंपनीत कुठे लिहिलेलं आहे, ते मागून घ्या.

तुमच्या शिक्षणाचा खरा उपयोग ताळा करण्यात आहे. एसटीत तपासनीस चढतो तेव्हा तो नुसतं कंडक्टरचं वेबिल बघत नाही, गाडीतली माणसं मोजतो. बिलिंगमधल्या नोंदी बिलिंगमधल्याच दुसऱ्या अहवालाशी जुळवणं म्हणजे वेबिलाशी वेबिल जुळवणं. सिग्नलिंगवर, म्हणजे कॉल जोडण्या-तोडण्याच्या संवादावर, लावलेल्या प्रोबने (स्वतंत्र तपासयंत्राने) मोजलेल्या कॉलची संख्या मागा आणि सीडीआरची, म्हणजे कॉलच्या नोंदींची, संख्या तिच्याशी लावा.

आणि एक मनापासून सांगते. रेव्हेन्यू अ‍ॅशुरन्स म्हणजे फक्त कंपनीचे बुडालेले पैसे शोधणं, असं कुणी शिकवत असेल तर ते अर्धं शिक्षण आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाने मीटरिंग आणि बिलिंगच्या अचूकतेचे नियम २००६ मध्ये केले, २०२३ मध्ये नव्याने आणले. त्यात ऑडिट आहे आणि जास्त घेतलेले पैसे परत करणं आहे. ज्या ताळ्यात कमी आकारणी सापडते त्याच ताळ्यात जास्त आकारणीही सापडते. दोन्ही त्याच दिवशी, त्याच अहवालात लिहायची सवय लावा. महिन्याला दोनशे-तीनशे रुपयांचा रिचार्ज मारणारा माणूस ट्रेस बघू शकत नाही. त्याच्या वतीने तो बघणारे तुम्हीच.

---

आमच्या कंपनीत पाच दिवसांचा कोर्स आखतो आहे. नेटवर्कवाले आणि बिलिंगवाले एकत्र बसवावेत का? साहित्य कुठून घ्यावं?
– एक वाचक, नागपूर

एकत्रच बसवा, आणि एका बाकावर दोघे वेगवेगळ्या खात्यांचे. वेगळं बसवलं की दोन्हीकडचे लोक दुसऱ्याच्या खात्यात चूक आहे असं ठरवून घरी जातात. एनजीएनचा पाया पक्का करायला गाझियाबाद आणि जबलपूरच्या बीएसएनएलच्या प्रशिक्षण संस्था जुन्या आणि जाणत्या आहेत. रेव्हेन्यू अ‍ॅशुरन्ससाठी टीएम फोरम या दूरसंचार उद्योगाच्या संघटनेची जीबी ९४१ ही मार्गदर्शिका घ्या, पण ती तिसऱ्या दिवशी. पहिले दोन दिवस फक्त कॉल करणं आणि फाइली उघडणं.

फाइली तुमच्या स्वतःच्या नेटवर्कच्या असाव्यात, मात्र ग्राहकांचे नंबर झाकल्याशिवाय एकही फाइल वर्गात आणू नका. कोण कुणाशी कधी बोललं हे त्यात असतं. झाकताना दोन गोष्टी सांभाळा. एक नंबर सगळ्या फाइलींत एकाच खोट्या नंबराने बदलला गेला पाहिजे, नाहीतर चार कागद जुळणारच नाहीत. आणि सुरुवातीचे आकडे, म्हणजे देशाचा कोड आणि सिरीज, तसेच ठेवा. दर त्यावरूनच लागतो, आणि चुकीच्या देशाचा दर लागलेला कॉल शोधणं हा चौथ्या दिवशीचा सगळ्यात चांगला सराव आहे.