दोन आठवड्यांच्या परदेशी सेवेला जाताना कपडे-औषधं न्यावीत का?

तुमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, दहा जण परदेशातल्या गरीब वस्तीत जाणार आहेत, कपडे आणि औषधं गोळा झाली आहेत, आणखी काय न्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, आहे त्यातलंच कमी करा.

कपडे नेऊच नका. विमानात जादा वजनाचे पैसे भरण्यापेक्षा त्याच पैशांत तिथल्या बाजारातून खरेदी करा, तिथल्या शिंप्याचंही पोट भरेल. औषधांचं प्रकरण अधिक कडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दानाच्या औषधांची मुदत तिथे पोहोचल्यावर निदान एक वर्ष उरलेली हवी, लेबल तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना वाचता येईल अशा भाषेत हवं, आणि घरोघरच्या उरलेल्या गोळ्या किंवा डॉक्टरांकडचे फुकट नमुने अजिबात चालत नाहीत. तुमची बहुतेक पिशवी इथेच बाद होईल.

खरेदीचे पैसे तिथल्या पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) वैयक्तिक खात्यात न टाकता तिथल्या मंडळीच्या खात्यात पाठवा, दोन सह्या लागतील अशा. यात अविश्वास कसला? यरुशलेमसाठीची मदत नेताना बायबलमधल्या प्रेषित पौलानेही मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून (२ करिंथ ८:१९-२१).

खरी गडबड वाटपात होते. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ नीट वाचा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा सुटत होत्या. मग वाटपासाठी जे सात जण निवडले, त्या सगळ्यांची नावं ग्रीक आहेत! म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती काम गेलं. आजही एकट्या पाळकांनी केलेल्या यादीतून तीच माणसं गळतात: भाडेकरू, दुसरी भाषा बोलणारे, चर्चला न येणारे. म्हणून तिघांकडून वेगवेगळ्या याद्या करून घ्या. एक मंडळीतला सेवक, एक वस्तीतली आरोग्यसेविका किंवा सुईण, एक अल्पसंख्य गटातली बाई. जे नाव एकाच यादीत आहे, त्या घरी जाऊन या. आदल्या दिवशी वेळ लिहिलेले टोकन द्या, तासाला तीसच्या वर नको. धान्याच्या शंभर पुड्यांमागे दहा जास्त बांधा. पुडे संपताहेत असं दिसलं की रेटारेटी सुरू होते आणि म्हाताऱ्या बाया खाली पडतात. अंथरुणाला खिळलेल्यांचं घरपोच. आणि वाटप उपासनेनंतर लगेच ठेवू नका, नाहीतर धान्यासाठी प्रार्थनेला बसावं लागतं असाच अर्थ निघतो.

व्हिसा पर्यटकाचा काढून प्रवचन किंवा दवाखाना चालवणं बऱ्याच देशांत बेकायदा असतं. तुम्ही परत जाल, चौकशी तिथल्या मंडळीची होईल. वकिलातीला लेखी विचारा. पिवळ्या तापाची लस लागत असेल तर प्रवेशाच्या किमान १० दिवस आधी घ्या, प्रमाणपत्र त्याआधी ग्राह्य धरत नाहीत.