आईच्या एमआरआयमध्ये एल४-एल५ची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली) गादी सरकलीय, डॉक्टर लगेच ऑपरेशन म्हणतायत, करावं का?

भाऊ, तुम्ही धुळ्याचे, मी रावेरकडचा. तुम्ही लिहिलंय की आईचं वय ५२, तीन आठवड्यांपासून कंबर आणि डावा पाय पार पंजापर्यंत ओढतोय, आणि रिपोर्ट बघून सांगितलं की आठ दिवसात ऑपरेशन करा नाहीतर पाय लुळा पडेल. आमच्या घरी हेच वाक्य ऐकलंय म्हणून लिहायला बसलो. मी डॉक्टर नाही, पण वडिलांच्या वेळी रात्र रात्र वाचून काढलं होतं.

पहिली गोष्ट, रिपोर्टमधल्या 'बल्ज' (गादी फुगलीय) शब्दाला घाबरू नका. १९९४ साली अमेरिकेत ९८ लोकांच्या कंबरेचा एमआरआय काढून बघितला, यातल्या कोणालाच कंबरदुखी नव्हती, तरी ५२ टक्के जणांची एक तरी गादी फुगलेली निघाली. पुढे २०१५ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांमधले ३११० बिनदुखण्याचे लोक एकत्र धरून हिशोब लावला तर पन्नाशीत साधारण ६० टक्के लोकांना बल्ज. म्हणून फोटोत जी नस दबलेली दिसते तीच पायात दुखतेय का हे हाताने तपासावं लागतं, उताणं झोपवून पाय सरळ उचलून बघतात, पायाचा अंगठा जोर लावून वर ओढायला सांगतात, टाचेवर आणि चवड्यावर चालवतात. आमच्या वडिलांना पहिल्या ठिकाणी कोणी पलंगावर झोपवलं पण नाही, फिल्म लाईटला धरली आणि तारीख दिली, याचा राग मला अजून आहे. वडील आयुष्यभर केळीचे घड वाहिलेला माणूस, त्या रात्री जेवले नाहीत, एवढंच म्हणाले, "मले कापाकापी नको."

मग नाशिकला दाखवलं. तिथे नीट तपासलं, पायातली ताकद शाबूत होती, म्हणून गोळ्या, थोडं चालणं, वजन उचलणं बंद आणि दर दोन आठवड्यांनी दाखवा. अडीच महिन्यात पायातली कळ गेली. गादीचा निखळलेला तुकडा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पण म्हणून ऑपरेशन वाईट असं मुळीच नाही. नेदरलँड्सचा २००७ चा अभ्यास आहे, ६ ते १२ आठवडे सायटिकाने, म्हणजे नस दबून पायात जाणाऱ्या कळेने, बेजार झालेले २८३ पेशंट, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकाला लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला थांबून बघायचं. ऑपरेशनवाल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाच्या शेवटी दोन्हीकडे ९५ टक्के लोक बरं वाटतंय म्हणाले. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना मात्र शेवटी ऑपरेशन लागलंच, कळ सहनच होत नव्हती. म्हणजे आईंना दोन-तीन महिने झोपच नाही, काम नाही, असं झालं तर ऑपरेशन हा चांगला रस्ता आहे. तुमचे तर अजून तीनच आठवडे झालेत.

आता हे मात्र नीट वाचा. लघवी अडकली किंवा नकळत व्हायला लागली, संडासच्या जागेला आणि मांड्यांच्या आतून बधीरपणा आला, दोन्ही पायांत जोर कमी झाला, तर एक दिवस पण थांबायचं नाही, त्याच रात्री गाडी काढा, कारण तिथे उशीर झाला तर लघवी-संडासचा ताबा कायमचा जाऊ शकतो. पंजा उचलता येत नसेल, चालताना चप्पल निसटत असेल तरी लगेच सर्जनला दाखवा. आणि बारीक ताप, वजन उतरणं, रात्री पडल्या पडल्या पण दुखणं असेल तर मणक्याच्या टीबीचं विचारा, आपल्याकडे तो अजून सापडतो आणि बहुतेकांना औषधांनीच बरा होतो.

दुसऱ्या सर्जनचं मत घ्या, फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही सोबत न्या, आणि सरळ विचारा की कुठली नस, ताकद किती कमी झाली, सहा आठवडे थांबलो तर काय बिघडेल. आईंना डाव्या पायाचा अंगठा वर ओढता येतो का ते आजच बघा आणि इथे कळवा.