प्रथिनं तोडणारी विकरं आपल्याच शरीराला का पचवत नाहीत?

शरीरात प्रथिनं तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, कोणती आणि ती आपलंच जठर-आतडं का खाऊन टाकत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. मी जीवरसायनशास्त्र शिकवते. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त मोलाचा आहे, कारण पहिल्याचं उत्तरही त्यातूनच उलगडतं.

ही विकरं शरीर म्यानात घालूनच तयार करतं. जठरातलं पेप्सीन आधी पेप्सिनोजेन असतं. आम्लाशी गाठ पडली की त्याचा एक तुकडा गळतो आणि मगच ते कामाला लागतं. जठराच्या भिंतीवर चिकट श्लेष्माचा थर असतो, तो वेगळाच. पेप्सीन प्रथिनांच्या साखळ्या ढोबळ तोडतं, बारीक काम होतं लहान आतड्यात. स्वादुपिंडातून येणारी ट्रिप्सिनोजेन, कायमोट्रिप्सिनोजेन ही मंडळीही निष्क्रियच असतात. आतड्याच्या अस्तरावरचं एन्टेरोपेप्टिडेज फक्त ट्रिप्सिनोजेनला जागं करतं. त्यातून बनलेलं ट्रिप्सीन बाकीच्यांना. ट्रिप्सीन लायसीन किंवा आर्जिनीन या अमिनो आम्लांनंतरच (प्रथिनाच्या साखळीच्या कड्यांनंतरच) साखळी कापतं. कायमोट्रिप्सीनला फेनिलॲलनीन, टायरोसीन अशी मोठी अमिनो आम्लं लागतात.

विकरं जागी होण्याची ही मालिका स्वादुपिंडाच्या आतच सुरू झाली तर? तोच स्वादुपिंडाचा तीव्र दाह. पित्ताशयातले खडे आणि दारू ही त्याची नेहमीची कारणं. पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखून पाठीत कळ जात असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

पचनाबाहेरही ही विकरं आहेत. रक्तात थ्रॉम्बिन फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन कापून गुठळी धरतं, प्लाझ्मिन ती विरघळवतं. हृदयविकाराच्या झटक्यात देतात ते स्ट्रेप्टोकायनेज हे औषध या प्लाझ्मिनच्या निष्क्रिय रूपालाच जागं करतं. पांढऱ्या रक्तपेशींच्या इलास्टेज या विकरापासून फुप्फुसं वाचवायला यकृत अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे त्याला अडवणारं प्रथिन बनवतं. सिगारेटचा धूर नेमकं तेच निकामी करतो, हे मला फार गंभीर वाटतं.

पेशींच्या आत नको असलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते आणि प्रोटिॲसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र, ती प्रथिनं तोडतं. या शोधासाठी सिचॅनोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मल्टिपल मायलोमा या कर्करोगावरचं बोर्टेझोमिब हे औषध याच प्रोटिॲसोमला अडवतं. मायलोमाच्या पेशी इतकी प्रथिनं बनवतात, की ती तोडणं थांबलं की त्या तग धरत नाहीत.