सोलापुरात राहतो. फार खर्च न करता घरची आपत्कालीन तयारी कुठून सुरू करू?

पाण्यापासून. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून साठवायची सवय आपल्याला आहेच; फक्त पिण्याचा वेगळा राखीव साठा नसतो. माणशी रोज ३ लिटर, तीन दिवसांचे धरा. चौघांना ३६ लिटर, म्हणजे २० लिटरचे दोन जार. पाणी आलं की आधी जुनं वापरात काढा, जार घासा, मग भरा. झाकण घट्टच हवं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठ्यातच अंडी घालतो आणि साधारण आठवड्यात नवा डास उडतो. बॅरलला नुसती फळी ठेवून भागत नाही, कडेच्या फटीतून तो आत जातोच. वरून कापड ताणून बांधा.

खाण्याचं तर सोपं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी, गॅस न पेटवता दोन दिवस निघतात.

उन्हाळ्यासाठी ओआरएसची चार पाकिटं ठेवा. मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच कालवायचं. ग्लासभर पाण्यात कालवलं तर क्षार जास्त होऊन उलट त्रास होतो. पाकीट नसेल तर १ लिटरला ६ सपाट छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

टॉर्चमधले सेल काढून शेजारी ठेवा. आत राहिले की गळतात, स्प्रिंग गंजते आणि नेमकी लाईट गेल्यावर टॉर्च लागत नाही. तातडीच्या मदतीचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि गॅसगळतीचा १९०६ हे नंबर फ्रीजवर चिकटवा, मोबाईल बंद पडू शकतो.