जुन्या सीजे-3बी जीपच्या पिकअपला टाटा 407 ट्रकचं इंजिन बसेल का? घाटात ओढेल का? गिअरबॉक्स कुठला ठेवावा?

बसतं. कापाकापी करून काहीही बसतं, आणि ओढेलही. पण थांबेल का, हे तुम्ही विचारलंच नाही. आमच्या मामांनीही विचारलं नव्हतं.

मामांची पिकअप पाटणहून कुंभार्ली घाटानं चिपळूणला भाजी न्यायची. 2.2 लिटरचं पेट्रोल इंजिन उतरवून त्यांनी त्यात 407चं 2956 सीसीचं डिझेल टाकलं. पुढचे पाटे सपाट झाले, खड्ड्यात इंजिनाखालचं तेलाचं चेंबर ॲक्सलवर आपटायला लागलं. त्यात गिअर पडेना. मेस्त्री म्हणाला, तेल बदला. मी लेथवाला. मी गिअरबॉक्स उतरवला, क्रँकवर मापाचा डायल लावून हाउसिंगच्या भोकात फिरवला, तर सुई अर्धा मिलिमीटर हलत होती, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत नव्हते. दोघांना जोडणारी मधली प्लेट हातानं भोकं पाडून केलेली! नवी प्लेट लेथवर सपाट फेस केली, जागा पक्की धरणाऱ्या डॉवेल पिना बसवल्या, आणि त्याच जुन्या तेलात गिअर एका बोटानं पडायला लागला. त्या मेस्त्रीनं नंतर कधी तेलाचं नाव काढलं नाही.

मग भरल्या गाडीला चढावर मागच्या ॲक्सलमधल्या पिनियनचे दात उडाले. उडणारच. ते ॲक्सल पेट्रोल इंजिनाच्या ताकदीला बेतलेलं. शिवाय त्याचा मूळ रेशो 5.38चा, म्हणजे टॉपमध्ये इंजिनाच्या 5.38 फेऱ्यांना चाकाची एक. हे इंजिन मिनिटाला 2800 फेऱ्यांपलीकडे ताणायचं नसतं, म्हणजे टॉपमध्ये गाडी सत्तरच्या आसपास संपली.

मामांचं म्हणणं, "इंजिन दमदार असलं की बाकीचं सांभाळून घेतं." साफ चूक. इंजिन काही सांभाळत नाही, ते मागच्या प्रत्येक भागाची परीक्षा घेतं. वजन वाढलं, माल वाढला आणि ब्रेकचे ड्रम मात्र तेच. "घाटात गिअरवर उतरायचं," हे काय उत्तर झालं? समोर म्हैस आली तर? ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम बूस्टर हवाच. आणि डिझेलला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून व्हॅक्यूम पंपवाला अल्टरनेटर इंजिनाबरोबरच घ्या.

गिअरबॉक्सही 407चाच घ्या, प्लेटची भानगड राहत नाही. फोर-व्हील असेल तर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचं गणित वेगळं, ते गाडी बघूनच सांगता येईल.

आणि हो, आरसीवर पेट्रोल असेल तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीशी न जुळणारा बदल चालत नाही, विम्यालाही अडचण येते. परवानगी मिळाली तर पैसे आधी ब्रेक आणि मागच्या ॲक्सलवर घाला, इंजिन नंतर. मामा, तुम्ही वाचत असाल तर तुम्हालाही हेच सांगतोय.