लॅबचं पाकीट परत कसं करायचं?

प्रश्न : तालुक्याच्या गावी दवाखाना टाकून आठ महिने झाले. महिनाअखेरीस लॅबचा माणूस पाकीट ठेवून जातो. 'सगळेच घेतात' म्हणतो. ते पैसे गरीब पेशंटच्या औषधांना वापरले तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. डॉक्टरांसाठीच्या २००२च्या आचारसंहितेतलं कलम ६.४ पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन देणं आणि घेणं, दोन्हीला मनाई करतं. (२०२३चे नवे नियम त्याच ऑगस्टमध्ये स्थगित झाले, म्हणून जुनेच लागू.) पैसे दानधर्मात घातले म्हणून सूट नाही. आणि हजाराच्या बिलात तुमचे तीनशे धरले असतील, तर ते पेशंटच्याच खिशातले!

लॅबला लेखी कळवा : कट (कमिशन) नको, तेवढी रक्कम पेशंटच्या बिलात कमी करा. मग दोन-तीन पेशंटची बिलं मागून बघा. बिल तेवढंच राहिलं आणि पाकीट 'रिपोर्ट वाचण्याची फी' म्हणून आलं, तर त्या लॅबचा नाद सोडा. तिचं नाव छापलेली फुकटची पॅडं आधी परत करा.

पाकिटाचा खरा परिणाम पेनावर होतो. ताप येऊन दुसराच दिवस, आणि चिठ्ठीवर विडाल, म्हणजे टायफॉइडची रक्ततपासणी. टायफॉइडच्या अँटीबॉडी दिसायला साधारण आठवडा लागतो. तोवर निगेटिव्ह आली तरी टायफॉइड नाही असं म्हणता येत नाही, आणि जुन्या संसर्गामुळे पॉझिटिव्हही येऊ शकते. निकाल काहीही आला तरी उपचार तोच राहणार असेल, तर तपासणी लिहू नका.

आता खर्चाचं. भाडं, कंपाउंडरचा पगार फीतून निघत नसेल तर हात पाकिटाकडे वळतोच. फी वाढवा, उघडपणे. फीचा फलक लावणं तसंही कलम ३.७ नुसार बंधनकारक आहे. महिनाभर थोडे पेशंट कुरकुरतील, काही जातीलही.

प्रश्न : एमआरने (औषध कंपनीच्या प्रतिनिधीने) दिलेलं पेनही परत करायचं?

उत्तर : कलम ६.८ कुठलीच भेट मान्य करत नाही. शिक्षेचा तक्ता मात्र हजार रुपयांच्या पुढे सुरू होतो : पाच हजारांपर्यंत ताशेरे, दहापर्यंत तीन महिने नोंदणी बंद, पन्नासपर्यंत सहा महिने, लाखापर्यंत वर्षभर. घरच्यांच्या नावाने काढलेलं सहलीचं तिकीटही मना आहे.