धूमकेतू परत कधी येणार, हे कसे काढतात?

प्रश्न (खानापूर): ऑक्टोबर 2024 मध्ये त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू आम्ही येळ्ळूरच्या राजहंसगडावरून पाहिला. तो 80 हजार वर्षांनी येतो, असे तेव्हा बातम्यांत होते. शाळेतल्या मुलांसाठी जेपीएलच्या (नासाच्या प्रयोगशाळेच्या) होरायझन्स संकेतस्थळावरून त्याची कक्षा काढली, तर विमध्यता (कक्षा वर्तुळापेक्षा किती ताणलेली, ते सांगणारा आकडा) 1 पेक्षा किंचित जास्त आणि आवर्तकालाच्या (एका फेरीच्या काळाच्या) जागी 9.99 अशी नवांची रांग आली. आमचे काय चुकले?

उत्तर: आकडे बरोबर आहेत, केंद्र आणि तारीख बदलायला हवी. तुम्ही सूर्य हे केंद्र धरून 2024 मधली कक्षा मागितली. ती त्या क्षणापुरती असते. विमध्यता 1 च्या पुढे गेली की कक्षा अपास्त, म्हणजे बंद न होणारी, होते, आवर्तकाल उरतच नाही, आणि होरायझन्स नवांची रांग छापते.

सूर्य स्वतः स्थिर नाही. गुरूचे वस्तुमान सूर्याच्या 1/1047, म्हणून या दोघांचा गुरुत्वमध्य सूर्याच्या केंद्रापासून सुमारे 7.4 लाख किमीवर, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्याही जरा बाहेर पडतो. त्याभोवती सूर्य सेकंदाला 12-13 मीटर वेगाने फिरतो. आता अर्धदीर्घ अक्ष (लंबवर्तुळाच्या लांबीचा अर्धा) 20,000 खगोलीय एकके (1 एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) असलेला धूमकेतू घ्या. सूर्यापासून 1 एककावर त्याचा वेग सेकंदाला 42.1 किमी असतो, आणि मुक्तिवेगापेक्षा (सूर्याच्या ओढीतून कायमचे सुटण्यासाठी लागणाऱ्या वेगापेक्षा) तो कमी भरतो फक्त अर्ध्या मीटरने. त्या अर्ध्या मीटरवरच सगळा आवर्तकाल अवलंबून. सूर्याच्या डुलण्यापुढे तो कुठल्या कुठे हरवतो.

म्हणून असे करा. कोष्टकाचा प्रकार ‘ऑस्क्युलेटिंग ऑर्बिटल एलिमेंट्स’ (त्या क्षणापुरत्या कक्षेचे आकडे), केंद्र @0 (सूर्यमालेचा गुरुत्वमध्य), एकके खगोलीय एकक व दिवस. एक तारीख 1950 ची घ्या, दुसरी 2100 ची. उपसूर्य बिंदूपासून (कक्षेतल्या सूर्याच्या सर्वांत जवळच्या जागेपासून) 75 वर्षे मागे किंवा पुढे गेल्यावर असा धूमकेतू सुमारे 100 एककांवर, ग्रहांच्या ओढाताणीपासून बराच दूर असतो. कोष्टकाच्या वरच्या भागात जीएमची (गुरुत्व स्थिरांक गुणिले केंद्राचे वस्तुमान) किंमत तपासा: 2.963 ने सुरू होत असेल तर ठीक, 2.959 दिसली तर केंद्र अजून सूर्यच आहे. 1950 ची कक्षा म्हणजे येतानाची, 2100 ची म्हणजे जातानाची. या दोन वेगळ्या असतात आणि त्यांची सरासरी काढण्यात काही अर्थ नाही. उदाहरणार्थ, हेल-बॉप धूमकेतू एप्रिल 1996 मध्ये गुरूपासून 0.77 एककावरून गेला, आणि त्याचा सुमारे 4200 वर्षांचा आवर्तकाल 2500 च्या आसपास आला.

मुलांच्या तक्त्यावर एकच आकडा लिहू नका, ही आमची आग्रहाची विनंती. निरीक्षणांतून थेट ठरतो तो अर्धदीर्घ अक्षाचा व्यस्त (1 भागिले अक्ष). समजा तो 0.000050 आला आणि त्रुटी अधिक-उणे 0.000010 आहे. मग अक्ष 16,667 ते 25,000 एककांत कुठेही असू शकतो. अक्षाचा दीड घात केला की वर्षे मिळतात: 21.5 लाख ते 39.5 लाख! शिवाय सूर्याजवळ बर्फाची वाफ होऊन उडणारे झोत केंद्रकाला ढकलतात. त्सुचिनशान-ॲटलास सूर्याच्या 0.39 एककापर्यंत गेला होता, त्यामुळे ही ढकल दुर्लक्षिता येत नाही. ती गणितात नीट बसत नसेल, तर येतानाच्या कक्षेसाठी फक्त उपसूर्यापूर्वीची निरीक्षणे वापरावीत, जातानाच्या कक्षेसाठी फक्त नंतरची.

प्रश्न (निपाणी): आमच्या मंडळाकडे 6 इंची दुर्बीण व कॅमेरा आहे. स्वतःच्या छायाचित्रांवरून कक्षा काढता येईल का?

उत्तर: येईल, आणि जरूर काढा. आवर्तकाल मात्र त्यातून मागू नका. दोन-तीन आठवड्यांत पसरलेल्या निदान पाच-सहा रात्री हव्यात. इतक्या छोट्या टप्प्यात विमध्यता 1 धरून, म्हणजे अन्वस्त (पॅराबोला) कक्षाच बसवायची. विमध्यता मोकळी सोडली तर आकडा वाटेल तिकडे भरकटतो. उघडझाप (एका छायाचित्रासाठी कॅमेरा प्रकाश घेतो तो काळ) इतकी आखूड ठेवा की धूमकेतू एका पिक्सेलहून जास्त सरकणार नाही. मोजमाप गाभ्यातल्या सर्वांत तेजस्वी ठिपक्याचे करा. जास्त प्रकाश घेतलेल्या चित्रात मध्य शेपटीकडे ओढला जातो, आणि ही चूक रोज एकाच दिशेने होत असल्याने सरासरीत जात नाही.

सर्वांत जास्त घोटाळा वेळेत होतो. उघडझापीच्या मध्याची वेळ जागतिक वेळेत लिहा, भारतीय वेळेतून 5 तास 30 मिनिटे वजा करून. दिवसाला 1 अंश सरकणाऱ्या धूमकेतूत हे विसरलात तर जवळजवळ 14 कलांचा (1 अंश = 60 कला, 1 कला = 60 विकला) फरक पडतो. अक्षांश, रेखांश आणि उंचीही भरा. धूमकेतू 1 एककावर असेल तर ठिकाण न दिल्याने 8.8 विकलांपर्यंत चूक होते. गाया उपग्रहाच्या तारकासूचीशी ताडून स्थाने काढा, फाइंड-ऑर्ब या कक्षा काढणाऱ्या संगणक-प्रणालीत घाला. एखादे निरीक्षण 2-3 विकलांनी बाहेर राहिले तर आधी त्याची वेळ तपासा, मगच वगळा.

संध्याकाळच्या धूमकेतूसाठी पश्चिम क्षितिज मोकळे हवे. जांबोटी-खानापूरकडे डोंगर आडवे येतात. अथणी-चिकोडीचे माळ त्या मानाने बरे.

प्रश्न (चिकोडी): विमध्यता 1 हून जास्त म्हणजे धूमकेतू दुसऱ्या ताऱ्याकडून आला का?

उत्तर: येतानाची, गुरुत्वमध्याभोवतीची विमध्यता पाहिल्याशिवाय तसे म्हणू नये. सी/1980 ई1 हा धूमकेतू आपल्याच सूर्यमालेचा होता. डिसेंबर 1980 मध्ये तो गुरूजवळून 0.23 एककावरून गेला, विमध्यता 1.057 झाली, आणि आता तो कायमचा बाहेर चालला आहे. 2019 मध्ये सापडलेला बोरिसोव्ह धूमकेतू मात्र येतानाच 3.36 विमध्यता घेऊन आला होता.